आईवर जाणं आणि 'टेक आफ्टर'

शेजारी बसून भाची रिकाम्या जागा भरत होती. वाक्य होतं, 'शी टेक्स ___ हर मदर', आणि खाली चार पर्याय : ऑफ, ओव्हर, अप, आफ्टर. तिने आधी 'ऑफ' लिहिलं, खोडलं. मग 'ओव्हर' लिहिलं, तेही खोडलं. दोनदा रबर फिरल्यावर त्या जागचा कागद इतका विरविरीत झाला की मागच्या पानावरची अक्षरं दिसायला लागली. उरलेल्या दोनांतलं 'आफ्टर' तिने अंदाजाने लिहिलं, माझा चेहरा वाचला आणि ते ठेवलं.

"बरोबर आहे ना?"

"आहे."

"पण का? आईच्या नंतर काय घेते ती?"

'असंच असतं, पाठ करून टाक' हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. तिच्या वयात मला हेच मिळालं होतं आणि मी ते निमूट घेतलंही होतं. एका जाड वहीत डावीकडे 'गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह अवे, गिव्ह आउट' आणि उजवीकडे मराठी अर्थ, अशी पानंच्या पानं मी भरली होती. परीक्षेत उजवी बाजू लख्ख आठवायची आणि डावी निसटायची. 'शरण जाणे' हे गिव्हच्या कुठल्या पोराचं नाव, ते काही केल्या सापडायचं नाही.

म्हणून मी उलट विचारलं, "तू कोणावर गेलीयस?"

"बाबांवर. सगळेच म्हणतात."

"बाबांवर गेलीयस म्हणजे नेमकी कुठे गेलीयस?"

ती क्षणभर गप्प झाली. मग खुदकन हसली. 'वर' आणि 'जाणे' हे दोन शब्द ती बोलायला लागल्यापासून वापरते आहे, पण ते एकत्र आल्यावर त्यांच्यात वरही उरत नाही आणि जाणंही उरत नाही, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. खरं सांगायचं तर माझ्याही इतक्या ठसठशीतपणे आत्ताच आलं.

मराठी शिकायला बसलेल्या परक्या माणसाची मला तेव्हापासून फार दया येते. जिवावर येणं म्हणजे कंटाळा. जिवावर बेतणं म्हणजे प्राणसंकट. जिवावर उठणं म्हणजे दुसऱ्याचा घात करायला निघणं, आणि जिवावर उदार होणं म्हणजे स्वतःच्या प्राणांची पर्वा न करणं. दुसऱ्याच्या जिवावर उड्या मारणं हे तर आणखी वेगळंच प्रकरण. जीव तोच, 'वर' तेच, शेवटचं क्रियापद तेवढं बदललं. त्या बिचाऱ्यानेही एखादी जाड वही केली असेल आणि त्याचीही उजवी बाजूच पाठ झाली असेल.

इंग्रजीची ही खोड इंग्रजांना ठाऊक नव्हती असं नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये आपला शब्दकोश छापला, त्याच्या प्रस्तावनेत त्याने हे स्पष्ट लिहून ठेवलंय : क्रियापदाच्या मागे एक बारकासा शब्द जोडून अर्थ फिरवायचा प्रकार आमच्या भाषेत बहुधा इतर कुठल्याही भाषेपेक्षा जास्त आहे आणि परक्यांना सगळ्यांत जास्त त्रास याचाच होतो. 'कम ऑफ', 'फॉल ऑन', 'ब्रेक ऑफ' अशी उदाहरणंही त्याने दिली. या जोड्यांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र फार उशिरा मिळालं. लोगन पीअरसॉल स्मिथ याने १९२५ च्या आपल्या पुस्तकात ते वापरलं आणि ते ऑक्सफर्डच्या कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणजे दुखणं नोंदलं गेल्यानंतर त्याचं बारसं व्हायला १७० वर्षं गेली.

जॉन्सनच्या त्या 'इतर कुठल्याही भाषेपेक्षा' या शब्दांवर मात्र मी अडते. संस्कृत त्याच्या नजरेसमोर नव्हती. असती, तर त्याने ते वाक्य जरा सांभाळून लिहिलं असतं. शाळेत संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाने हा श्लोक घोकलेला असतो :

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥

उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार यांच्यासारखा. मला यातला 'बलात्' हा शब्द फार आवडतो. सौम्यपणे वळवतो वगैरे काही नाही, मानगूट धरून नेतो. आणि गंमत म्हणजे मराठीत 'उपसर्ग' या शब्दाचा दुसरा अर्थ उपद्रव, त्रास असाच आहे. माझ्या त्या जाड वहीवर हे एवढं एक नाव शोभलं असतं.

आता या सगळ्या 'हार'मागचा 'हृ' धातू सोडा, 'ईक्ष्' घ्या. ईक्ष् म्हणजे बघणं. 'परि' म्हणजे सभोवार. सगळीकडून फिरून बघितलं की परीक्षा. 'प्रति' म्हणजे त्या दिशेला. कोणी येतंय का म्हणून तिकडे डोळे लावून बसलं की प्रतीक्षा. 'उप' म्हणजे जवळ. जवळ असून नुसतं बघत राहिलं, हात हलवला नाही, की उपेक्षा. नीट, सगळं एकत्र धरून बघितलं की समीक्षा. वरून बघायला नेमलेला तो अधीक्षक. आणि इंग्रजीत 'लुक' घ्या. लुक इन्टू म्हणजे चौकशी, लुक फॉर म्हणजे शोध, लुक फॉरवर्ड टू म्हणजे आतुरतेने वाट पाहणं, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. ओव्हरलुक म्हणजे नजरेतून निसटणं किंवा काणाडोळा करणं, म्हणजे जवळजवळ आपली उपेक्षाच. अधीक्षक आणि ओव्हरसियर यांची तर शिवण एकच : वरून बघणारा. लॅटिनमधून आलेला सुपरवायझरही तोच, 'सुपर' म्हणजे वर. तीन भाषांनी तीन माणसं नेमली आणि तिघांनाही बसायला उंच खुर्ची दिली. त्यातून इंग्रजीतल्या 'ओव्हरसाइट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, देखरेख आणि नजरचूक. उंच खुर्चीतून देखरेख करणाऱ्याला खालचं काय काय दिसत नाही हे ज्यांनी अनुभवलंय, त्यांना या शब्दाचं नवल वाटणार नाही.

फरक इतकाच की संस्कृतने हे बारके शब्द धातूच्या पुढे चिकटवले आणि इंग्रजीने मागे मोकळे सोडले. जुनी इंग्रजीही ते पुढेच लावायची. 'अंडरस्टँड', 'विथस्टँड', 'फरगिव्ह' हे त्या काळाचे उरलेले अवशेष. मग १०६६ मध्ये नॉर्मन आले, त्यांच्यामागून फ्रेंच आणि लॅटिन क्रियापदं आली आणि तीही आपापले उपसर्ग पोटाशी शिवूनच आली. त्यामुळे आज इंग्रजीकडे कपड्यांची दोन कपाटं आहेत. घरात घालायचं 'पुट ऑफ', बाहेर जाताना 'पोस्टपोन'. घरात 'लुक इन्टू', कचेरीत 'इन्व्हेस्टिगेट'. घरात 'गिव्ह अप', तहाच्या कागदावर 'सरेंडर'. आपल्याकडे 'बघून घेणं' आणि 'निरीक्षण करणं' यांत जे अंतर आहे, साधारण तेच. शाळेत आपल्याला आधी बाहेरचं कपाट उघडून देतात. म्हणून आपल्यातला हुशार विद्यार्थी 'टॉलरेट' सहज म्हणतो आणि 'पुट अप विथ' ऐकलं की गोंधळतो. इंग्रजांच्या घरातलं लहान मूल याच्या नेमकं उलट वाढतं.

मी अनुवादाची कामं करते. त्यात एक गोष्ट फार वर्षांनी ध्यानात आली आणि ती कुठल्या व्याकरणाच्या तासाला कोणी सांगितली नव्हती. इंग्रजीतल्या या शेपटीचं भाषांतर मी अव्ययाने करायला गेले की वाक्य मरतं. क्रियापदाने केलं की जगतं. 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणं. 'रन अवे' म्हणजे पळून जाणं. 'हिअर आउट' म्हणजे पुरतं ऐकून घेणं. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणं. इंग्रजी जिथे दिशा दाखवणारा शब्द लावते, तिथे मराठी दुसरं क्रियापद उभं करते : टाकणे, जाणे, घेणे, देणे, बसणे, ठेवणे. या दुसऱ्या क्रियापदाचा मूळ अर्थ जवळजवळ वितळलेला असतो. 'करून टाकलं' यात काही टाकलेलं नसतं, तसं 'टेअर अप' यात काही वर गेलेलं नसतं. 'अप' फक्त सांगतं की काम तडीस गेलं, आता शिल्लक काही नाही. ड्राय अप, टेअर अप, यूज अप या सगळ्यांतलं 'अप' म्हणजे आपलं 'टाकणं' किंवा 'जाणं'.

पण एक गोष्ट मला इंग्रजी शेपटीत कधी सापडली नाही. 'मी बोलून बसले.' या 'बसले'मध्ये पश्चात्ताप आहे, झालेलं परत घेता येत नाही ही हतबलता आहे, आणि थोडं स्वतःवर हसणंही आहे. अप, डाउन, इन, आउट यांना हे पेलत नाही. ते जागा सांगतात, चेहरा सांगत नाहीत. ('होऊन बसलं', 'करून ठेवलंय', 'म्हणून गेला' यांचं इंग्रजी करून बघा म्हणजे कळेल.) हे मी पक्षपाताने म्हणतेय, हे मला मान्य आहे.

जागा सांगतात म्हणावं, तर त्यातही घोळ. घर 'बर्न डाउन' होतं तेव्हाच ते 'बर्न अप'ही होत असतं. एकात ते कोसळतं, दुसऱ्यात ते संपतं. फॉर्म 'फिल इन' करा नाहीतर 'फिल आउट' करा, कागद तोच आणि रकाने तेच. गाडी 'स्लो डाउन' होते आणि 'स्लो अप'ही होते. याची कारणं देणारे पुष्कळ भेटतात, पण मला त्यात फार रस नाही. मला रस आहे तो या शब्दांनी माझी जी फजिती केली त्यात.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका बैठकीबद्दल इंग्रजी निरोप आला : बैठक दोन दिवस 'ब्रॉट फॉरवर्ड' केली आहे. तो मराठीत करून सगळ्यांना पाठवणं माझं काम. फॉरवर्ड म्हणजे पुढे. मी लिहिलं, 'बैठक दोन दिवस पुढे ढकलली आहे.' वाक्य खणखणीत मराठी होतं, शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. बैठकीच्या दिवशी ज्यांनी इंग्रजी निरोप वाचला होता ते तिघे टेबलाशी बसले होते आणि ज्यांनी माझा मराठी वाचला होता ते नऊजण आपापल्या घरी होते. कारण 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे अलीकडे ओढणं. काळ त्यांच्या लेखी आपल्या दिशेने चालत येतो. त्याला पुढे आणलं म्हणजे माझ्याजवळ आणलं. मराठीत मी काळाच्या वाटेवर उभी असते आणि बैठकीला पायाने पलीकडे ढकलते. दोन्ही भाषांत 'पुढे'च आहे, तोंड कोणाचं कोणीकडे एवढाच प्रश्न. इंग्रजीतही 'मूव्ह फॉरवर्ड' म्हटलं की त्यांचे त्यांचेच लोक दोन तट पाडून भांडतात. आपल्या इंग्रजीने यावर 'प्रीपोन' हा तोडगा काढला. इंग्रज त्याला हसतात, पण मला तो शब्द अत्यंत शहाणा वाटतो. 'पोस्टपोन' म्हणजे लॅटिनमध्ये 'नंतर ठेवणं', मग 'आधी ठेवणं' याला 'प्रीपोन' का नसावा? तो शब्द त्या दिवशी वापरला असता तर नऊ माणसांचे शब्द माझ्या अंगावर आले नसते.

आपल्या इंग्रजी चुकांबद्दल आपण उगाच शरमतो. त्या चुका नसतात, ते शुद्ध मराठी असतं, फक्त कपडे दुसरे. 'मी त्याच्यावर रागावले', म्हणून 'अँग्री ऑन हिम'. 'तिने त्याच्याशी लग्न केलं', म्हणून 'मॅरिड विथ हिम'. 'त्याबद्दल चर्चा केली', म्हणून 'डिस्कस्ड अबाउट इट'. यातल्या प्रत्येक 'चुकी'मागे एक बिनचूक विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय उभं आहे. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही, ते थेट कर्मच घेतं, आणि 'रिटर्न'ला 'बॅक' लागत नाही, कारण त्याच्या पोटात 'री' आधीच बसलेला आहे. पण तो लॅटिन उपसर्ग आज इंग्रजाला तरी कुठे जाणवतो? त्यालाही हे कोणीतरी खोडूनच शिकवलेलं असतं.

'कोप अप विथ' ही मात्र माझी लाडकी चूक. 'कोप'ला 'अप' लागत नाही. पण कीप अप विथ, पुट अप विथ, कॅच अप विथ या तिघांची रांग लागलेली असताना चौथ्याने रांगेत उभं राहू नये, असं म्हणायला मन धजत नाही.

हे सगळं मी भाचीला सांगितलं नाही. निम्मं मनात म्हटलं, निम्मं सांगितलं, तेवढ्यात ती खालच्या वाक्यावर पोचलीही होती. तिथे कंसात 'टॉल' दिलं होतं आणि तिने मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, 'शी इज मोर टॉलर दॅन हर मदर.'

"जास्त उंच म्हणजे मोर टॉलर," तिने मी काही बोलायच्या आधीच सांगून टाकलं. "आईपेक्षा जास्त उंच."

पुन्हा शुद्ध मराठी. आपल्याकडे विशेषणाला हात लावायची पद्धतच नाही. उंच तो उंचच राहतो. जिच्याशी तुलना करायची तिला 'पेक्षा' किंवा 'हून' लावलं की झालं. 'ती आईपेक्षा उंच आहे', पुरे. 'जास्त' तर निव्वळ जोर म्हणून आलं. इंग्रजी मात्र विशेषणालाच पिळते. ते एका अवयवाचं, म्हणजे एका दमात उच्चारलं जाणारं, असेल तर 'अर', लांबलचक असेल तर आधी 'मोर', आणि मधल्या दोन अवयवांच्या शब्दांत मर्जीचा कारभार. 'क्लेव्हरर' म्हणा, 'मोर क्लेव्हर' म्हणा, दोन्ही चालतं.

आणि 'मोर टॉलर'ला हसणाऱ्यांनी जरा दम धरावा. शेक्सपिअरच्या अँटनीने सीझरच्या प्रेतापाशी ब्रूटसचा वार दाखवताना 'मोस्ट अनकाइंडेस्ट' असंच म्हटलंय. तेव्हा दुहेरी जोर द्यायला कोणाची हरकत नव्हती. हरकती पुढे व्याकरणं लिहिणाऱ्यांनी काढल्या. 'नीअर' हा शब्द तर मुळातच तुलनेचा आहे. 'नाय' म्हणजे जवळ, 'नीअर' म्हणजे अधिक जवळ, 'नेक्स्ट' म्हणजे सर्वांत जवळ. लोक विसरले, 'नीअर'लाच साधं 'जवळ' समजू लागले आणि त्यावर आणखी एक 'अर' चढवून 'नीअरर' केलं. आपणही काही कमी नाही. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ यांतला 'इष्ठ' हा संस्कृतात 'सर्वांत' याच अर्थाचा. तरी आपल्याला 'सर्वश्रेष्ठ' लागतो आणि भाषणात जोर चढला की 'श्रेष्ठतम'ही.

'सीनियर दॅन मी' ही आणखी एक खोडली जाणारी चूक. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर हे लॅटिनमधले तुलनेचेच शब्द, 'अधिक वयाचा', 'अधिक लहान', 'अधिक वरचा'. इंग्रजीत आले, पण 'दॅन'शी सोयरीक केली नाही, 'टू'शी केली. 'प्रिफर'ही तसाच, त्याच्या पोटात 'पुढे आणणं' आहे. म्हणून त्यालाही 'टू'. तुलना म्हटली की 'दॅन' हे आपण पाठ केलेलं असतं, आणि नेमके कचेरीत रोज लागणारे शब्दच त्या पाठाला जुमानत नाहीत.

नियमांपेक्षा मला छळलं ते सुरांनी. आजारी पडलेल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांना मी काळजीने लिहिलं होतं, 'यू हॅड बेटर टेक रेस्ट.' मनात मराठी होतं : 'तुम्ही विश्रांती घेतलेली बरी.' किती मऊ वाक्य! पण 'हॅड बेटर'मध्ये मागे एक 'नाहीतर बघा' लपलेलं असतं. ते सल्ल्यापेक्षा तंबीच्या जवळ बसतं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, 'येस, मॅडम.' मला वाटलं, काय नम्र गृहस्थ!

बेटरचं प्रकरण एकूणच तिरपागडं. आजारी माणूस 'बेटर' असतो तेव्हा तो 'वेल' माणसापेक्षा कमी बरा असतो. 'अॅन ओल्डर मॅन' हा 'अॅन ओल्ड मॅन'पेक्षा तरुण असतो. तुलनेचं रूप लावून इंग्रज म्हातारपण वाढवत नाहीत, सौम्य करतात. 'थिंक बेटर ऑव्ह इट' म्हणजे अधिक चांगला विचार करणं नव्हे, बेत बदलणं. 'नो बेटर' म्हणजे अधिक ज्ञान असणं नव्हे, एवढी अक्कल असणं. आणि 'बेटर ऑफ'! तिथे तर तुलना आणि अव्यय दोघंही एकाच खाटेवर बसलेत. कोणीतरी कोणाशिवाय 'बेटर ऑफ' असतं, म्हणजे सुखात असतं. यातला 'ऑफ' कशापासून दूर गेलाय, हे मी फार वर्षं शोधत होते. (जाता जाता, 'प्राण गेला तरी बेहत्तर' यातला बेहत्तर फारसीतून आला. 'बेटर'शी त्याचं रक्ताचं काही नातं नाही, नुसता चेहरा सारखा. भाषांतही असे जुळे निघतात.)

या 'ऑफ'च्या मागे लागूनच मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट सापडली, आणि ती मात्र मी भाचीला सांगितली.

संस्कृतात दोन वस्तूंत तुलना करायला 'तर' लावतात : उच्च, उच्चतर. 'उद्' म्हणजे वर, बाहेर. त्याला 'तर' लावलं की उत्तर, अधिक वरचं, मागाहूनचं. 'उत्तरोत्तर प्रगती' म्हणतो तेव्हा आपण ती तुलना लागोपाठ दोनदा करत असतो. इंग्रजी 'आउट' हा या 'उद्'चाच दूरचा भाऊ आणि 'अटर', 'आउटर' ही त्याची तुलनेची रूपं, अगदी उत्तरसारखी. आता 'आफ्टर' बघा. 'ऑफ' म्हणजे दूर, त्याच्यापुढे तोच जुना 'तर' : ऑफ-तर, अधिक दूर, मागे राहिलेला. म्हणजे 'आफ्टर' हे अव्यय मुळात एक तुलना आहे. आणि आपलं 'नंतर'? अनंतर, म्हणजे मधे अंतर नाही ते. 'अंतर'मध्ये पुन्हा तोच 'तर' बसलाय. एकजण मागे राहिला म्हणून 'आफ्टर', दुसरा अगदी खेटून आला म्हणून 'नंतर'. वाटा उलट्या, पण 'तर' एकच. 'ओव्हर' आणि संस्कृत 'उपरि' हे सख्खे, आणि 'उपरि' झिजत झिजत आपलं 'वर' झालं. 'अंडर'चा भाऊ 'अधर', अधिक खालचा. म्हणूनच तर तो खालचा ओठ.

म्हणजे भाचीने खोडलेलं 'टेक ओव्हर' आणि आपलं 'बाबांवर जाणं' यांतला 'ओव्हर' आणि 'वर' हा एकच शब्द. तिच्या रबराने चुकीचा शब्द खोडला खरा, पण परका नाही खोडला.

आणि 'पेक्षा'? तो 'अपेक्षा'तून आला, पुढचा 'अ' वाटेत गळला. अपेक्षा म्हणजे अप आणि ईक्षा. 'अप' हा 'ऑफ'चा भाऊ, आणि ईक्ष् म्हणजे बघणं. लुक आणि ऑफ! दूर नजर टाकणं, कशाकडे तरी बघून मग बोलणं. आपण ज्याला तुलनेचा प्रत्यय म्हणून रोज हजारदा वापरतो, तो पोटातून चक्क एक फ्रेजल व्हर्ब निघाला. 'आईपेक्षा उंच' म्हणजे आईकडे नजर टाकून बघितलं तर उंच. वाक्य म्हणताना प्रत्येक वेळी कोणीतरी मान वळवून आईकडे बघतं, आणि आपल्याला पत्ता नसतो.

भाचीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे परीक्षेत लिहायचं?"

"नको."

"मग 'मोर टॉलर' ठेवू का? तो शेक्सपिअर..."

"खोड."

तिने रबर उचललं. 'मोर' नेमका त्या विरविरीत झालेल्या जागेच्या खाली आला होता. तिने जोरात घासलं आणि कागद फाटला.

"बघ," ती म्हणाली, "वर लिहिलेलं 'आफ्टर'पण गेलं."